हवेतून आलेला गाळ

कूलिंग टॉवरच्या तळटाकीत, म्हणजे बेसिनमध्ये, घोटाभर चिखल साचला की पहिला संशय पाण्यावर जातो. धरणाचं पाणी गढूळ आलं असेल, पावसाळ्यात गाळणी नीट चालली नसेल. संशय अगदीच खोटा नसतो, पण गाळाचा मोठा वाटा बऱ्याचदा हवेतून आलेला असतो.

टॉवरमध्ये यंत्रांची उष्णता घेऊन आलेलं गरम पाणी वरून बारीक थेंबांत सोडतात आणि पंखा त्यातून हवा खेचतो. थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पाणी सहा अंशांनी थंड करायला साधारण १ टक्का पाणी उडवावं लागतं. त्यासाठी हवाही भरपूर लागते: ढोबळमानाने पाण्याच्या वजनाइतकीच. ताशी १,००० टन पाणी फिरवणारा टॉवर ताशी साडेआठ लाख घनमीटरच्या आसपास हवा ओढतो. आपल्याकडच्या मानकानुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धुळीची २४ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. हवा नेमकी या मर्यादेवर आहे, म्हणजे कागदोपत्री ठीक आहे, असं धरलं तरी टॉवरमधून दिवसाला सुमारे २ किलो आणि वर्षाला ७०० किलोंहून जास्त धूळ जाते. त्यातली निम्मीच पाण्यात धुतली गेली, तरी साडेतीनशे किलो झाली. त्याहून जाड धूळ, परागकण, किडे, पाला यांचा हिशेब वेगळाच. शेजारी कोळशाचा ढीग किंवा कच्चा रस्ता असेल, तर विचारूच नका.

पाणी वरून धो-धो कोसळत असताना हा माल तरंगत राहतो. बेसिनमध्ये आल्यावर मात्र पाणी संथ होतं आणि रांजणाच्या तळाशी साका बसावा तसं सगळं खाली बसतं. किती वेगाने, ते जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येतं. बारीक कणाचा खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वाळूचा १०० मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो, १० मायक्रॉनचा तीन तास आणि १ मायक्रॉनचा जवळजवळ तेरा दिवस. या हिशेबाने बारीक कण कधी बसूच नयेत. पण पाण्यातल्या जिवाणूंचा चिकट थर त्यांना एकमेकांना चिकटवतो, गुठळ्या होतात आणि त्या बसतात.

साचलेल्या गाळाखाली ऑक्सिजन पोचत नाही. बाहेरच्या धातूला मुबलक ऑक्सिजन आणि आतल्याला जवळपास नाही, या फरकातून विजेचा एक छोटा घटच तयार होतो आणि गाळाखालचा धातू खड्डे पडत झिजतो. वरून क्लोरीन कितीही सोडा, ते गाळाच्या पोटात जात नाही. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडत निवांत वाढतात.

लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूलाही हीच जागा मानवते. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा हा जिवाणू कोणाला माहीतही नव्हता. तो पुढच्या जानेवारीत सापडला. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमधून उडालेल्या तुषारांमुळे १३८ माणसं आजारी पडली, १६ दगावली. त्यानंतर त्या शहराने प्रत्येक टॉवरची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली.

जुना उपाय म्हणजे शटडाऊन घ्यायचा, टाकी रिकामी करायची आणि फावडी-घमेली घेऊन माणसं आत उतरवायची. त्यांच्या तोंडावर योग्य मास्क असतोच असं नाही, आणि हे मला सगळ्यात खटकतं.

दुसरा उपाय साइड स्ट्रीम फिल्टरचा. सगळं पाणी गाळायची गरज नसते. फिरणाऱ्या पाण्यातलं ५ ते १० टक्के बाजूला काढून गाळलं आणि परत सोडलं तरी भागतं. यंत्रणेत २०० घनमीटर पाणी असेल आणि ताशी ५० घनमीटर गाळलं, तर चार तासांत सगळ्या पाण्याइतकं पाणी फिल्टरमधून जातं. फिल्टर कोणता, यावर विक्रेत्यांचं भांडण ठरलेलं. पाणी गरगर फिरवून कण वेगळे करणाऱ्या सेपरेटरवाले पकडलेल्या कणांचं वजन सांगतात, वाळूच्या फिल्टरवाले त्यांची संख्या सांगतात. दोघंही खरं बोलतात. १०० मायक्रॉनच्या एका कणाचं वजन १० मायक्रॉनच्या हजार कणांएवढं असतं. सेपरेटर जड कण पकडतो, बारीक कण त्याच्यातून सुटतात.

पण फिल्टर कितीही भारी घेतला, तरी जो कण त्याच्यापर्यंत पोचतच नाही तो पकडणार कसा? कोपऱ्यात बसलेला गाळ पंपाच्या तोंडापर्यंत चालत येत नाही. फिल्टर बसवूनही बेसिन भरतं, ते यामुळे. म्हणून तळाशी पाइप टाकून त्यावर एज्युक्टर नोझल बसवतात. त्यातून सुटणारी वेगवान धार आजूबाजूचं पाणी सोबत ओढते: पंपाने १ लिटर दिलं, तर साधारण ४ लिटर आणखी हलतं. म्हणजे छोट्या पंपात मोठा झोत मिळतो. सगळ्या नोझलची तोंडं एकाच दिशेने, फिल्टरच्या सक्शनकडे, म्हणजे तो पाणी खेचतो त्या तोंडाकडे, वळवावी लागतात. समोरासमोर लावली तर मधे पाणी थबकतं आणि नेमका तिथेच ढीग होतो. मोठं फिल्टर आणि झोत नाही, यापेक्षा लहान फिल्टर आणि नीट लावलेले झोत बरे, असं माझं मत आहे.

फिल्टर उलटा धुताना, म्हणजे बॅकवॉशला, पाणी वाया जातं अशी तक्रार असते. पाणीटंचाईमुळे परळीचं वीजकेंद्र २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं होतं, त्यामुळे आपल्याकडे ही तक्रार हलकी घेता येत नाही. मात्र वाफ होताना क्षार मागे राहतात, आणि ते वाढू नयेत म्हणून थोडं पाणी ब्लोडाऊन म्हणून तसंही सोडावंच लागतं. बॅकवॉशचं पाणी त्याच हिशेबात वळतं करता येतं. उलट टाकी रिकामी करून साफ करायची, तर रसायनं घातलेलं सगळं पाणी एका दिवसात गटारात जातं.