जुन्या गाडीचा नवा गिअरबॉक्स आणि खंबाटकीचा चढ

माझ्या काकांच्या अ‍ॅम्बॅसडरला स्वारगेट ते कात्रज एवढ्या अंतरात जितक्या वेळा क्लच दाबावा लागतो, तितक्या वेळा पुढे महाबळेश्वरपर्यंत लागत नाही. काकांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून हा पट्टा त्यांना सोसेनासा झाला आहे, पण गाडी विकण्याची त्यांची तयारी नाही. मूळ १४८९ सीसीचे इंजिन थकले आहे, म्हणून त्याजागी दुसरे पेट्रोल इंजिन आणि त्यामागे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवावा, असा विचार गेले वर्षभर घरात चालू आहे. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुधा असा सल्ला मिळतो की, आधी इंजिन ठरवा, गिअरबॉक्स जो मजबूत मिळेल तो लावू. मला हा सल्ला घातक वाटतो, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाबतीत मजबुतीपेक्षा जुळणीला कितीतरी अधिक महत्त्व असते, आणि ही जुळणी मुख्यतः इंजिन व गिअर यांच्यामध्ये बसणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवर ठरते.

टॉर्क कन्व्हर्टर ही तेलाने भरलेली, जाड कढईसारखी बंद डबी असते. तिच्या एका बाजूची पाती इंजिनबरोबर फिरतात आणि तेल बाहेरच्या कडेकडे फेकतात. समोरची पाती त्या तेलाच्या माऱ्याने फिरतात आणि गिअरबॉक्सला गती देतात. दोहोंच्या मधोमध स्टेटर नावाचे तिसरे चाक असते, जे परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवते, आणि त्यामुळे गाडी थांबलेल्या अवस्थेतून निघताना इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दुप्पट होऊन मागे पोहोचतो. ही कल्पना हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांच्या टर्बाइनसाठी मांडली होती. मोटारीत क्लचच्या पेडलची गरज तिने संपवली, कारण तेलाला घसरण्याची मुभा असते आणि चाके थांबली तरी इंजिन चालू राहू शकते.

आता ब्रेक घट्ट दाबून ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन एका ठराविक वेगापर्यंत चढते आणि तेथेच अडकते. या वेगाला स्टॉल वेग म्हणतात. कन्व्हर्टर किती टॉर्क पेलू शकतो हे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि कन्व्हर्टरच्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलते, आणि निवडीचे सारे मर्म या पाचव्या घातात आहे. व्यास फक्त १० टक्क्यांनी कमी केला, तर पेलण्याची क्षमता ४१ टक्क्यांनी घटते आणि त्याच इंजिनाचा स्टॉल वेग सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. दिसायला दोन बोटांचा फरक असलेले दोन कन्व्हर्टर गाडीचा स्वभाव पूर्णपणे बदलून टाकतात, याचे कारण हेच आहे.

पुण्यात हा मुद्दा विशेष अडचणीचा ठरतो. शहरात दिसणाऱ्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांची पुढची चाके ओढतात आणि त्यांच्यात गिअर व डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारी गिअरची जोडणी) एकाच आवरणात, आडव्या बसवलेल्या इंजिनाला जोडलेले असतात, त्यामुळे मागची चाके फिरवणाऱ्या अ‍ॅम्बॅसडरला ते निरुपयोगी आहेत. उभ्या, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या, इंजिनामागे बसणारा गिअरबॉक्स शोधू लागले की हाती लागतात ते प्रामुख्याने इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओसारख्या मोठ्या डिझेल गाड्यांचे. क्रिस्टाचे २.८ लिटरचे ऑटोमॅटिक जोडीचे इंजिन ३६० न्यूटन-मीटर टॉर्क देते. समजा, असा कन्व्हर्टर डिझेल इंजिनाला २२०० फेऱ्यांवर अडवत असेल, तर १५० न्यूटन-मीटरच्या पेट्रोल इंजिनाला तोच कन्व्हर्टर सुमारे १४०० फेऱ्यांवर अडवेल, कारण स्टॉल वेग टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो. प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट होते, कारण १४०० फेऱ्यांवर छोटे पेट्रोल इंजिन आपला पूर्ण टॉर्क देतच नाही. सिग्नल सुटला तरी गाडी उठत नाही, गिअरमध्ये उभी असताना इंजिन थरथरते, आणि दोष मात्र बिचाऱ्या इंजिनाला दिला जातो. गिअरबॉक्स मजबूत आहे हे खरे असते, पण तो त्या इंजिनासाठी घडवलेला नसतो.

कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्यावर लागले की प्रश्न बदलतो. चाकाचा परीघ २ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ४.५ धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला थेट टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३७५० फेरे घेते. अमेरिकेतील तीन गिअरच्या जुन्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० सारख्या दणकट गिअरबॉक्समध्ये टॉपचे गुणोत्तर १ असल्यामुळे हा गोंगाट तसाच राहतो. टोयोटाच्या ए३४० या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७०५ आहे, म्हणजे त्याच वेगाला इंजिन सुमारे २६४० फेऱ्यांवर शांतपणे चालते आणि पेट्रोलही वाचते. त्यातच कन्व्हर्टरमध्ये त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना थेट जोडणारा लॉकअप क्लच असेल, तर सपाट रस्त्यावर तेलाची घसरण पूर्ण थांबते. या वयाच्या गाडीसाठी ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी गुणोत्तराचा असा वरचा गिअर) आणि लॉकअप या दोन्ही गोष्टी मी अनिवार्य मानतो.

खंबाटकीच्या चढावर घसरणीचे बिल चुकवावे लागते. ट्रकच्या मागे हळूहळू चढताना लॉकअप सुटलेला असतो. इंजिन ३० किलोवॅट शक्ती देत असेल आणि कन्व्हर्टरमधून त्यातली ८० टक्केच पुढे जात असेल, तर उरलेली ६ किलोवॅट उष्णता तेलात मुरते. घरातले दोन किलोवॅटचे तीन गीझर एकाच वेळी त्या डबीत चालू आहेत, अशी कल्पना करावी. तेलाचे तापमान साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर दर १० ते ११ अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. अ‍ॅम्बॅसडरच्या मूळ रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सचे तेल थंड करण्याची सोयच नाही, म्हणून स्वतंत्र ऑइल कूलर आणि त्यावर स्वतःचा पंखा हा खर्च पहिल्याच दिवशी धरायला हवा.

गिअर कधी बदलायचा हे कोण ठरवणार, हा प्रश्नही निवडीतच येतो. जनरल मोटर्सच्या ७००आर४ सारख्या गिअरबॉक्समध्ये हे काम तेलाचा दाब करतो आणि थ्रॉटलपासून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या इंजिनाच्या हवेच्या झडपेपासून, आलेली एक केबल त्याला इंजिनावर किती भार आहे ते कळवते. ही केबल ढिली राहिली तर आतला दाब कमी पडतो, गिअर बदलणारे आतले क्लच घसरतात आणि थोड्याच दिवसांत जळतात. माझ्या परिचयातील एका गाडीचा गिअरबॉक्स अशाच ढिल्या केबलमुळे नाहक गेला. इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सला हे सारे संगणकाकडून हवे असते, आणि तो संगणक इंजिनाशी बोलणारा लागतो. म्हणूनच माझे मत असे झाले आहे की, इंजिन, कन्व्हर्टर, गिअरबॉक्स, संगणक आणि वायरिंग हे सारे एकाच गाडीतून, एकाच जोडीने उचलावे. असा संच महाग पडतो आणि कमी मिळतो, पण कारखान्यातील अभियंत्यांनी जुळवलेली व्यासाची आणि टॉर्कची जोडी त्यात आयती हाती येते.

पैसे मोजण्यापूर्वी संगम पुलाजवळच्या आरटीओत मात्र जाऊन यावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापासून वेगळे होतील असे फेरफार मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाहीत. शिवाय ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत इंजिन, चॅसिस आणि बॉडी मूळ रूपात असण्याची अट आहे. इंजिन बदलले की ती नोंदणी गेली, आणि काकांच्या बाबतीत आमचे पाऊल सध्या याच ठिकाणी अडले आहे.

परवानगी मिळाली, तरी महाबळेश्वरच्या वाटेवरील पसरणी घाटाची परीक्षा उरतेच. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तेथे हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा टॉर्कही जवळपास तितकाच घटतो. ए३४० सारख्या गिअरबॉक्सचे पहिले गुणोत्तर २.८०४ आणि दुसरे १.५३१ आहे, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने वळण घेताना दुसऱ्यात इंजिन सुमारे १४३५ फेऱ्यांवर दमलेले असते, तर पहिल्यात २६३० फेऱ्यांवर सुखाने ओढते. येथे गिअरबॉक्सच्या निर्णयाची वाट न पाहता चालकाने लिव्हर स्वतः खाली आणणे इष्ट. उतरताना तर ते अत्यावश्यकच ठरते, कारण लिव्हर डी मध्ये ठेवला की बरेच जुने ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतारावर वरचा गिअर पकडतात, इंजिनाचा अटकाव जवळजवळ नाहीसा होतो आणि सारा भार ड्रम ब्रेकवर येतो. लिव्हर दोनवर ठेवून इंजिनाचा अटकाव खरोखर मिळतो की नाही, हे गिअरबॉक्स विकत घेण्याआधी त्याच्या मूळ गाडीतच उतारावर चालवून पाहता येते, आणि आम्ही ते पाहणार आहोत.