लाकडी चषकाचे कातकाम

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातण्याच्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून वाटी, दांडा आणि बैठक असे तीन भाग असलेले उभे पानपात्र कातून काढण्याच्या कलेला लाकडी चषकाचे कातकाम म्हणतात. कातकामातील दोन वेगळी कौशल्ये या एका वस्तूत एकत्र येतात. दांडा आणि बैठक ही पलंगाच्या खुरासारखी बाहेरून कातायची असतात, तर वाटी आतून पोखरून काढायची असते. आणि या दोन कामांसाठी हत्यारे, त्यांच्या धारेचा कोन आणि कापण्याची दिशा निराळी असते. चषक प्रत्यक्ष पिण्यासाठी असो वा केवळ मांडून ठेवण्यासाठी, त्याचा दर्जा नक्षीपेक्षा प्रमाणबद्धतेवर ठरतो. सुबक कातलेली पण बेढब उंचीची वाटी उत्तम पॉलिशनेही सावरत नाही.

चषकासाठी ठोकळा निवडताना लाकडाचे तंतू चषकाच्या उंचीच्या दिशेने, म्हणजे बैठकीपासून काठापर्यंत उभे जातील असे पाहावे लागते. तंतू आडवे असतील तर आठ-दहा मिलिमीटर जाडीचा दांडा किरकोळ धक्क्यानेही तुटतो. खोडाचा अगदी मधला भाग, म्हणजे भेंड, ठोकळ्यात येऊ देत नाहीत, कारण लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जितके आकसते त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडून सालीच्या दिशेने आकसते आणि या तफावतीमुळे भेंडाभोवती तडे जातात. याच कारणाने ओल्या लाकडातून कातलेल्या वाटीचा गोल काठ वाळल्यावर किंचित लंबगोल होतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने मात्र आकसणे नगण्य असल्याने चषकाची उंची जवळपास तशीच राहते. युरोपात मॅपल, सिकॅमोर, नासपती, चेरी, अक्रोड अशी बारीक पोताची लाकडे या कामासाठी पसंत केली जातात. रेड ओकसारख्या लाकडाच्या वाहिन्या मोकळ्या असतात, त्यामुळे वाटीच्या तळातून पेय झिरपते. व्हाइट ओकच्या वाहिन्या नैसर्गिक रीत्या बुजलेल्या असल्याने त्याची पिंपे होऊ शकतात.

प्रमाणाचा विचार हत्यार हातात घेण्यापूर्वीच करावा लागतो. वाटीची उंची आणि खालच्या भागाची, म्हणजे दांडा व बैठक यांची, उंची सारखी ठेवली तर चषक दोन तुकडे जोडल्यासारखा दिसतो. नजर कोठे स्थिरावावी हे तिला कळत नाही. म्हणून दोहोंपैकी एक भाग स्पष्टपणे वरचढ ठेवतात. 2:3, 3:5 आणि 5:8 ही गुणोत्तरे कातकाम करणाऱ्यांमध्ये रूढ आहेत आणि ती सुवर्णगुणोत्तराच्या, म्हणजे सुमारे 1:1.618 च्या, जवळपास जातात. त्यानुसार 200 मिलिमीटर उंचीच्या चषकात वाटी सुमारे 76 मिलिमीटर आणि दांड्यासह बैठक सुमारे 124 मिलिमीटर येते. हेच माप उलटे केले तर खोल वाटीचा, आखूड दांड्याचा भारदस्त चषक मिळतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ गुस्टाफ फेशनर यांनी 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी सुवर्णगुणोत्तराच्या आयतांना अधिक पसंती दिल्याचे नोंदवले होते, परंतु पुढील संशोधकांना हा कल तितका ठाम आढळला नाही. चषकाच्या बाबतीतही गुणोत्तर ही सुरुवात आहे, हमी नव्हे. कागदावर अचूक 3:5 असलेला चषक दांड्याच्या जाडीमुळे किंवा वाटीच्या पोटाच्या जागेमुळे ओबडधोबड दिसू शकतो.

उंचीच्या गुणोत्तराइतकेच, बहुधा त्याहून अधिक, महत्त्व बाह्यरेषेला आहे. वाटीचा सर्वांत रुंद भाग काठाशी असेल तर आकार उघडा आणि हलका वाटतो. तो खाली, वाटीच्या तळाच्या बाजूला आणला आणि काठ किंचित आत वळवला तर कळीसारखा बंदिस्त आकार होतो. यांपैकी कोणताही निवडावा, पण रुंद भाग नेमका वाटीच्या मध्यावर ठेवू नये. वक्ररेषा एकसारखी वळत जावी; तिच्यात मध्येच सपाट पट्टा आला तर तो डोळ्यांआधी बोटांना जाणवतो. दांड्याचा सर्वांत बारीक भागही मध्यावर न ठेवता वाटीच्या बाजूला, वरच्या तृतीयांशात ठेवला की रेषा खालून वर झेपावते. वाटी आणि दांडा यांच्या जोडावर एखादा मणी किंवा बारीक खाच देतात, कारण तेथे वक्राची दिशा बदलते आणि बदल स्पष्ट केला नाही तर तो चुकून झाल्यासारखा दिसतो. असे अलंकार एक-दोन पुरेत. दांडाभर मणी ओवण्याचा मोह नवशिक्यांना होतो आणि त्याने चषकाचा डौल हमखास हरवतो. बैठकीचा व्यास वाटीच्या सर्वाधिक व्यासाच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांशाहून कमी नसावा, नाहीतर भरलेला चषक कलंडतो. पण तो वाटीहून मोठा झाला तर सगळी वस्तू खाली ओढल्यासारखी दिसते. बैठकीची कडा पातळ ठेवली आणि तिचा वरचा पृष्ठ दांड्याकडे हळूहळू चढत नेला की रुंदी असूनही ती जड वाटत नाही. हे सारे पारखण्यासाठी अर्ध्या छेदाची पूर्णाकृती रेखाकृती पुठ्ठ्यावर काढून ती उलटी धरून पाहतात. वस्तू ओळखीची न राहिल्याने रेषेतील दोष चटकन नजरेत भरतो.

कामाचा क्रम आकाराइतकाच काटेकोर असतो. ठोकळा आधी लेथच्या दोन टोकांमध्ये पकडून रफिंग गाऊजने, म्हणजे ओबडधोबड लाकूड कातण्याच्या पन्हळी पटाशीने, गोल करतात आणि एका टोकाला चकमध्ये, म्हणजे लेथवर काम पकडणाऱ्या जबड्यात, बसणारी खुंटी कातून घेतात. त्यानंतर तो चकमध्ये घट्ट धरून प्रथम वाटीची आतली बाजू पोखरतात. या वेळी दांड्याच्या जागचे लाकूड पूर्ण जाडीचे असावे लागते, कारण वाटी पोखरताना येणारा दाब तेच पेलते. दांडा आधी बारीक केला तर वाटी थरथरते आणि बहुधा तुटून निघते. मध्यभागी ठरलेल्या खोलीचे भोक पाडून घेतले की तळाचा अंदाज मिळतो. वाटीच्या आत लाकडाचे तंतू टोकावर कापले जातात, म्हणून तेथे हत्यार मध्यातून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे, नेतात. त्यामुळे कापल्या जाणाऱ्या तंतूंना मागच्या लाकडाचा आधार मिळतो. बाहेरच्या बाजूला नियम नेमका उलटा आहे आणि मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे कापावे लागते. दिशा चुकली तर पृष्ठभाग तुटक, केसाळ निघतो आणि पॉलिशपेपरने तो पुरता सुधारत नाही.

आतली बाजू घासून पूर्ण झाल्यावरच वाटीचा बाहेरचा आकार आतल्या आकाराला समांतर कातत आणतात. भिंत तीन-चार मिलिमीटरच्या खाली जाऊ लागते तसा हत्याराचा आवाज चढत जातो आणि कान त्या स्वरावरून जाडी ओळखू लागतात. ओले लाकूड असेल तर पलीकडून दिवा लावतात. फिकट रंगाची भिंत दोन मिलिमीटरपर्यंत आली की प्रकाश तिच्यातून तांबूस झिरपतो आणि जिथे तो मंद दिसतो तिथे अजून लाकूड शिल्लक आहे हे समजते. आतल्या तळाची खोली मोजून तिची खूण बाहेर पेन्सिलीने करणे अत्यावश्यक असते. दांडा या खुणेच्या खालीच सुरू व्हायला हवा आणि तळासाठी काही मिलिमीटर लाकूड सोडावे लागते. खुणेच्या वर बारीक कापले तर वाटी तळाशिवाय हातात येते.

दांडा नेहमी वाटीकडून चककडे, टप्प्याटप्प्याने बारीक करतात. एक टप्पा कातून, घासून पूर्ण करायचा आणि मगच पुढचा सुरू करायचा. एकदा बारीक केलेल्या भागाकडे परत हत्यार न्यायचे नाही, असा शिरस्ता आहे. कारण आधार देणारे जाड लाकूड तोवर निघून गेलेले असते आणि दांडा हत्यारापासून दूर वाकू लागतो. लांब दांड्यासाठी वाटीत मऊ कागद किंवा फोम भरून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या चकसमोरील सरकत्या आधाराचा, हलका टेकू देतात. टेकू जोरात दाबला तर तोच दांडा वाकवतो. शेवटी बैठकीचा तळ आत किंचित खोलगट करतात, जेणेकरून चषक कडेवर टेकून न डगमगता उभा राहील, आणि पार्टिंग टूलने तो ठोकळ्यापासून वेगळा करतात.

लेथचा सर्वांत जुना परिचित चित्रपुरावा इजिप्तमधील तूना अल्-गेबेल येथील पेटोसिरिसच्या कबरीत मिळतो. सुमारे इ. स. पू. 300 च्या या कोरीव चित्रात एक जण पट्ट्याने लाकूड फिरवतो आणि दुसरा त्यावर हत्यार धरतो. मध्ययुगीन युरोपात पायाने दाबायची आणि लवचिक काठीने परत उसळणारी लेथ सर्रास होती. तिच्यावर काम पुढे-मागे फिरत असल्याने निम्म्याच फेऱ्यांत कापता येई, तरीही लाकडी वाट्या व थाळ्या हीच सामान्य लोकांची भांडी होती. 1545 मध्ये बुडालेल्या आणि 1982 मध्ये वर काढलेल्या मेरी रोझ या इंग्रजी युद्धनौकेत अशी भांडी सापडली आहेत. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये झाकणाचे, पातळ भिंतीचे उंच लाकडी चषक होत आणि त्यांवर राजचिन्हे व धार्मिक वचने डाग देऊन उमटवलेली असत. जर्मन दरबारांनी हीच कला हस्तिदंतावर नेली. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तेथील शासक, ऑगस्ट स्वतः लेथवर बसत असे आणि त्याच्या पदरच्या कारागिरांनी कातलेले विलक्षण चषक आजही ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्ट संग्रहालयात आहेत. 1674 मध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांना शिसेयुक्त काचेचे पेटंट मिळाले आणि पुढे इंग्लंडमध्ये काचेचा चषक लोकप्रिय झाला. आजचे लाकडी चषक आकारासाठी काचेकडेच पाहतात. ते स्वाभाविक असले तरी काचेचा सडपातळपणा लाकडात जसाच्या तसा उतरवल्यास लाकडाचे रंग, रेषा आणि ऊब दाखवायला जागाच उरत नाही.

कौशल्य दाखवण्यासाठी केलेले दोन प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत. पहिल्यात दांड्याभोवती मोकळ्या फिरणाऱ्या, पण काढता न येणाऱ्या कड्या त्याच लाकडातून सोडवून काढतात. दुसरा प्रकार फ्रान्समध्ये त्रांब्लर म्हणून ओळखला जातो. त्याचा दांडा इतका लांब आणि बारीक असतो की नुसत्या स्पर्शानेही तो थरथरतो, आणि लेथवर त्याला दोरीचे अनेक आधार द्यावे लागतात.

महाराष्ट्रात कातारी पोळपाट-लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब आणि देव्हाऱ्याचे खांब करत आले. पिण्यासाठी मात्र तांब्या-पितळेचे पेले आणि फुलपात्रे असल्याने उभ्या लाकडी चषकाची येथे घरगुती परंपरा नाही. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे काम आणि कर्नाटकातील चन्नपट्टणचे लाखकाम यांतील कौशल्य मात्र चषकाला थेट उपयोगी पडणारे आहे. लाखकामात रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर पसरते आणि झावळीच्या पात्याने घासून तिला चकाकी आणतात. असा लेप शोभेच्या चषकाला फार उठाव देतो, पण लाख मद्यार्कात विरघळते आणि उष्णतेने मऊ पडते. म्हणून पिण्याच्या चषकाला आतून टंग तेलासारख्या वाळून कडक होणाऱ्या तेलाचे अनेक पातळ हात देऊन प्रत्येक हात पूर्ण वाळू देतात, आणि असा चषक वापरल्यावर पाण्यात भिजत न ठेवता लगेच विसळून पुसून ठेवतात.