अंगठा चोखणे

अंगठा चोखणे : तान्ह्या व लहान मुलांच्या शरीराशी निगडित पुनरावर्ती सवयींपैकी सर्वांत परिचित सवय. डोलणे, झोपताना उशीवर डोके आपटणे, नखे कुरतडणे, केसांची बट बोटाला गुंडाळणे या तिच्याच वर्गातल्या. झोपेत दात खाण्याचा संबंध महाराष्ट्रात जंतांशी जोडतात. त्याला पुरेसा आधार मिळालेला नाही.

बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ लिंडनर यांनी १८७९ मध्ये या सवयीचे सविस्तर वर्णन केले. त्याचा आधार घेऊन मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये ती बालकामुकतेची (मुलाला स्वतःच्या शरीरातून मिळणाऱ्या कामसुखाची) खूण ठरविली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही (१९२८) यांच्या मते दूध पिताना चोखण्याची उपजत गरज अपुरी राहिल्याने मूल अंगठ्याकडे वळते. याउलट, जन्मापासून कपाने दूध पाजलेल्या मुलांत चोखण्याची ओढ कमी आढळते, असे अमेरिकन संशोधक सिअर्स व वाइझ यांनी १९५० मध्ये दाखविले. म्हणजे ही ओढ चोखण्यानेच दृढ होत असावी. मात्र साधारण पंधराव्या आठवड्यापासूनच गर्भ अंगठा, बहुधा उजवा, तोंडात घालतो, असे सोनोग्राफीत दिसते. त्यामुळे सवयीचा उगम अंगावर पाजण्यात किंवा दूध तोडण्यात शोधणे फारसे ग्राह्य वाटत नाही. ती का टिकते, एवढ्यापुरतीच ती मते उपयोगी आहेत.

बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात. कायमचे दात येण्याच्या सुमारासही (सुमारे ६ वर्षे) ती राहिल्यास वरचे दात पुढे येतात, किंवा तोंड मिटले तरी समोरचे दात एकमेकांना टेकत नाहीत. तेव्हा दंतवैद्याचा सल्ला घ्यावा. अंगठ्याला कडुनिंब लावणे किंवा ओरडणे यांपेक्षा मूल कधी चोखते (बहुधा झोप आल्यावर वा कंटाळल्यावर) हे पाहून हाताला दुसरे काही देणे बरे.

सवयीची हालचाल सहसा हाक मारल्यावर किंवा लक्ष वेधल्यावर थांबते. विशेषतः पहिल्या वर्षात, झोपेतून उठताच मान व धड झटक्यांनी लागोपाठ पुढे वाकत असेल, तर ती आकडी असू शकते. मोबाइलवर चित्रण करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बोलणे किंवा हातांचा वापर मागे पडून मूल सतत हात चोळू लागल्यासही तपासणी हवी. १९६६ मध्ये आंद्रेआस रेट यांनी वर्णिलेल्या, मुख्यतः मुलींत आढळणाऱ्या विकाराचे ते लक्षण असते. डोके आपटून जखम होणे, उपटलेले केस गिळणे यांतही विलंब करू नये.