भैय्या चौकातले डॉक्टर आणि लढाईतल्या उपचारांचा मागचा इतिहास

सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघालं की भैय्या चौकातलं स्मारक, चीनहून आलेले पाहुणे आणि दोन देशांची मैत्री, इथवर बोलणं येतं आणि थांबतं. त्यांनी चीनमध्ये नेमकं केलं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. ते सर्जन होते, आणि त्यांच्या कामाची रीत त्यांच्या आधी दीडशे वर्षं घडत आली होती.

१७९२ च्या सुमारास फ्रेंच सैन्यातल्या जखमींच्या गाड्या नियमानं कोस-दीड कोस मागे थांबत. लढाई संपेपर्यंत माणूस मैदानात तसाच पडून राही. डोमिनिक लारे या सर्जननं पाहिलं की हलक्या तोफा घोडे जोडून हव्या तिथं पळवता येतात. मग जखमींसाठी तशी गाडी का नको? त्यातून त्याच्या ‘उडत्या’ रुग्णगाड्या आल्या. हुद्दा न बघता ज्याची जखम गंभीर त्याला आधी हात लावायचा, हा दंडकही त्याचाच. (आजही कॅज्युअल्टीत ‘आम्ही कोण आहोत, माहीत आहे का’ म्हणणारे भेटतात, ते सोडा.)

समुद्रावर अडचण वेगळी. जहाजावरून जखमीला नेणार कुठं? म्हणून सर्जन जहाजातच असे. १८०५ साली ट्रफाल्गारच्या सागरी लढाईत गोळी लागलेल्या ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनलाही पाण्याच्या पातळीखालच्या कोंदट मजल्यावर उतरवलं गेलं. तिथंच तो गेला.

पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या दहा सैनिकांतले सुमारे आठ सुरुवातीला दगावत. थॉमस स्प्लिंटनं, म्हणजे मोडलेला पाय ताणून धरणाऱ्या सांगाड्यानं, पाय बांधायचा आणि मगच माणूस हलवायचा, असं ठरल्यावर हे प्रमाण दहात दोनच्या आसपास आलं. स्प्लिंट बनवणारा ह्यू ओवेन थॉमस वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. आपल्याकडच्या हाडवैद्यांना हे ऐकून बरं वाटेल!

पुढची कडी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून. स्पेनच्या यादवीत त्यांनी बाटल्यांतलं रक्त गाडीतून आघाडीवर पोचवलं. १९३८ मध्ये ते जपानशी लढत असलेल्या चीनला गेले. तिथल्या डोंगराळ भागात गाडी चालेना, तेव्हा शस्त्रक्रियेचं सामान खेचरावर लादता येईल अशी लाकडी खोगीर-पेटी त्यांनी बनवून घेतली. जखमी येईल म्हणून वाट बघायची नाही, आपणच त्याच्याकडं जायचं, हा त्यांचा आग्रह. हातमोजे न घालता शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष रक्तात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले.

सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ च्या सप्टेंबरात, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे पाच डॉक्टर चीनच्या मदतीला मुंबईहून निघाले. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेल्या कोटणीसांना अठ्ठावीसही पूर्ण नव्हती. बेथ्यून ज्या भागात काम करत होते तिथं ते पोचले, तोवर बेथ्यून हयात नव्हते. दोघांची गाठ पडलीच नाही.

१९४० च्या जपानविरुद्धच्या मोहिमेत तेरा दिवसांत ८०० हून जास्त जखमी कोटणीसांच्या पथकाकडं आले. एकदा ते सलग ७२ तास जागे राहून शस्त्रक्रिया करत होते. सांगितली जाते ती हीच गोष्ट, आणि ती सांगावीच. मला मात्र १९४१ नंतरचं काम जास्त मोलाचं वाटतं. बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आणि तिथल्या मुलांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, तीही चिनी भाषेतून. लढाईत एक सर्जन किती जणांना पुरणार? शिकवलेले विद्यार्थी पुरतात. त्यांच्यासाठी कोटणीसांनी चिनीत पाठ्यपुस्तकही लिहिलं.

९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्याच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. शस्त्रक्रियेवरचं दुसरं पुस्तक अर्धं लिहून झालं होतं.