अमेरिकन यादवी युद्धाची प्रादेशिक स्मृती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८६१ ते १८६५ दरम्यान झालेल्या यादवी युद्धाविषयीची मते आजही माणूस कोणत्या भागात आणि कोणत्या घरात वाढला यावर बरीच अवलंबून असतात. उत्तरेत वाढलेल्यांच्या लेखी ते देश अखंड राखण्याचे आणि गुलामगिरी संपवण्याचे युद्ध. दक्षिणेतील अनेक गोऱ्या कुटुंबांत मात्र ते राज्यांच्या हक्कांसाठी दिलेली, सैन्यबळ कमी पडल्यामुळे हरलेली झुंज म्हणून सांगितले गेले. सुमारे सव्वासहा लाख सैनिक त्यात मरण पावले, असा जुना अंदाज आहे. अलीकडच्या संशोधनात तो साडेसात लाखांपर्यंत जातो.

मतभेदाचे मूळ कागदपत्रांत सापडत नाही, कारण फुटून निघालेल्या राज्यांनी आपली कारणे लेखी दिली होती. गुलामगिरीच्या संस्थेशी आपली बाजू पूर्णपणे जोडलेली आहे, असे मिसिसिपीने १८६१च्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटले. फुटून निघालेल्या राज्यांच्या दक्षिणी संघाचा (कॉन्फेडरसीचा) उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स याने त्याच वर्षी मार्चमध्ये सव्हाना येथील भाषणात, गोऱ्यांचे श्रेष्ठत्व हीच नव्या सरकारची कोनशिला असल्याचे सांगितले. पराभवानंतर हाच स्टीव्हन्स घटनात्मक हक्कांची भाषा बोलू लागला. रिचमंडचा संपादक एडवर्ड पोलार्ड याने १८६६ मध्ये या नव्या मांडणीला ‘लॉस्ट कॉज’, म्हणजे हरलेले ध्येय, हे नाव दिले.

ही मांडणी पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्याचे श्रेय किंवा दोष मुख्यतः सेनापतींकडे नव्हे, तर स्त्रियांच्या एका संघटनेकडे जातो. १८९४ मध्ये नॅशव्हिल येथे स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ने चौकाचौकांत आणि न्यायालयांसमोर पुतळे उभारले, पण तिचे खरे लक्ष शाळेवर होते. मुलांसाठी प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका निघाल्या. युद्ध कशामुळे झाले, हा प्रश्न आणि त्याचे ठरलेले उत्तर मुले धर्मशिक्षणाच्या धड्यासारखे घोकत. संघटनेच्या इतिहासकार मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी १९२०च्या सुमारास पाठ्यपुस्तके पारखण्याची ‘मोजपट्टी’च प्रसिद्ध केली. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असे म्हणणारे पुस्तक नाकारावे, आणि ते ग्रंथालयात आधीच असेल तर त्यावर ‘दक्षिणेवर अन्याय करणारे’ असा शेरा मारावा, अशी त्यात सूचना होती. आजीच्या तोंडून ऐकलेली, उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेने केलेल्या जाळपोळीची गोष्ट आणि शाळेतला धडा एकमेकांना दुजोरा देऊ लागले, की तिसरे काही शोधण्याची गरज कोणाला वाटणार?

केंटकीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. हे गुलामगिरी असलेले राज्य फुटून निघाले नाही. तिथून दक्षिणेपेक्षा उत्तरेच्या सैन्यात कितीतरी अधिक माणसे गेली. तरीही युद्धानंतर गुलामांची मुक्ती आणि कृष्णवर्णीयांची सैन्यभरती यांमुळे चिडलेल्या गोऱ्या समाजाने हरलेल्या बाजूची आठवण जवळ केली. राज्यात दक्षिणेच्या स्मारकांची संख्या उत्तरेच्या स्मारकांहून फार मोठी झाली. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या जन्मगावी, फेअरव्ह्यू येथे, १९२४ मध्ये ३५१ फूट उंचीचा स्तंभ पूर्ण झाला. थोडक्यात, पूर्वज कोणत्या बाजूने लढले यापेक्षा नंतरच्या पिढ्यांना काय शिकवले गेले, हे इथे निर्णायक ठरले.

‘दक्षिणेचे मत’ हा शब्दप्रयोगही सैलच. गुलामगिरीतून सुटलेले लाखो लोक दक्षिणेचेच होते आणि त्यांच्या घरांत हे युद्ध मुक्तीचे म्हणून सांगितले गेले. टेक्ससमधील गॅल्व्हस्टन येथे १९ जून १८६५ रोजी मुक्तीचा आदेश जाहीर झाला. त्या दिवसाचा ‘जूनटीन्थ’ हा सण २०२१ मध्ये राष्ट्रीय सुट्टी होण्याच्या कितीतरी आधीपासून ते साजरा करत आले. डोंगराळ पूर्व टेनेसी बहुतांशी संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूचे होते, तर व्हर्जिनियाचा पश्चिम भाग १८६३ मध्ये वेगळे राज्यच झाला. टेक्ससच्या कम्फर्ट गावात जर्मन स्थलांतरितांनी संघराज्याशी निष्ठावान राहून मारल्या गेलेल्या आपल्या माणसांचे स्मारक १८६६ मध्येच उभारले.

उत्तरेची स्मृतीही सोयीस्करच म्हणावी लागेल. न्यूयॉर्कमध्ये जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध उसळलेल्या दंगलीत कृष्णवर्णीयांच्या हत्या झाल्या, याचा उल्लेख तिथे लिंकनइतका सहज होत नाही. गेटिसबर्गच्या लढाईला ५० वर्षे झाली तेव्हा, १९१३ मध्ये, दोन्ही बाजूंचे ५०,००० हून अधिक वृद्ध सैनिक तिथे जमले आणि त्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केले. उत्तरेच्या बाजूने लढलेल्या सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिकांना त्या सोहळ्यात जवळजवळ स्थान नव्हते.

अलीकडे चित्र बदलत आहे. रिचमंडमधील १८९० चा, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा २०२१ मध्ये हटवला गेला. टेक्ससच्या शालेय अभ्यासक्रमात प्रादेशिकता, राज्यांचे हक्क आणि गुलामगिरी अशी कारणे ओळीने दिलेली होती. २०१८ मध्ये गुलामगिरीच्या विस्ताराला मध्यवर्ती स्थान मिळाले. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्ये मात्र जानेवारीतील तिसऱ्या सोमवारी एकाच सुट्टीत ली आणि मार्टिन ल्यूथर किंग या दोघांचाही गौरव करतात.