मानस म्हणजे बंधारा नव्हे हो

परवा एका मित्राला गोव्यातल्या आमच्या दुर्भाटच्या मानशीचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातल्या पाण्याच्या दाराचा, फोटो पाठवला, तर त्याचा रिप्लाय, "मस्त बंधारा आहे रे तुमच्याकडे." म्हटलं, मामानं हे वाचलं तर दोन दिवस जेवणार नाही.

चूक त्याची नाही म्हणा. दगडी बांधकाम, मध्ये खाच, लाकूड, पाणी, लांबून दोन्ही सारखंच दिसतं. बंधारा असतो गोड्या पाण्यावर, वर सत्तरी-डिचोलीकडे म्हादईवर, वाळवंटीवर भरपूर आहेत. पाऊस गेला की फळ्या घालायच्या, पाणी अडवायचं, उन्हाळाभर कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) आणि वायंगण म्हणजे उन्हाळी भातशेतीला वापरायचं, आणि पावसाआधी फळ्या काढायच्या, संपलं. वर्षात दोनदा माणसं लागतात. फळ्या काढायला उशीर झाला तर पहिल्या मोठ्या पावसात झाडाच्या फांद्या अडकून पाणी आजूबाजूच्या बागांत शिरतं, बंधाऱ्याची मुख्य भानगड तेवढीच.

मानशीचं काम याच्या बरोबर उलटं, कारण तिला पाणी साठवायचंच नसतं. खाजन म्हणजे खाडीकाठची शेतजमीन, ती भरतीच्या पातळीच्याही खाली असते (गोव्यात अशी 17-18 हजार हेक्टर आहे), खाडीच्या बाजूला मातीचा बांध, आतून पोंय म्हणजे पाणी वाहून नेणारा चर, आणि पोंय जिथे बांधाला भिडते तिथे मानस. तिचं दार खाडीच्या बाजूला उघडतं. भरती चढली की खारं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी ढकलतं आणि ते उघडतं. दिवसातून दोनदा, ना मोटर ना वॉचमन.

आता ऐका आमच्याकडे काय झालं. एका वर्षी दार कुजून निखळलं, ते दुरुस्त करायला जो ठेकेदार आला त्यानं खाच बघितली आणि बंधाऱ्यासारख्या आडव्या फळ्या ठोकून मोकळा झाला, वर मध्ये माती भरून गळती पण बंद केली, बिल पण पास. खारं पाणी थांबलं खरं, पण जुलैत आतलं पाणी जाणार कुठे? मामा बांधावर उभा राहून ओरडत होता, "अरे, उदक भायर वचपाक जाय मरे!" (पाणी बाहेर जायला हवं ना!) गुडघाभर पाण्यात रोप आठवडाभर बुडून कुजलं. शेवटी रात्री ओहोटी साधून चौघांनी पहारीनं त्या फळ्या उचकटल्या.

म्हणून दुरुस्तीचं वेळापत्रक पण वेगळं. बंधाऱ्याला पाऊस बघायचा, मानशीला तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दाराला हात लावायचा नाही, अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी कमी चढतं, तेव्हा उन्हाळ्यात काम उरकायचं. बघायचं काय, तर दार चौकटीला नीट टेकतं का, फटीत काटकी किंवा प्लास्टिकची बाटली अडकलीय का. एक बाटली पुरते हो, भरतीला खारं पाणी आत येत राहतं आणि कोरगूट खारं सोसणारं भात असलं तरी त्यालाही मर्यादा आहे. बाजूच्या बांधाला कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं पडलीत का तेही बघायचं, तिथूनच बांध फुटतो.

आणि मासे! मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो. जास्त मासे मिळावेत म्हणून कोणी भरतीलाच दार अडकवून उघडं ठेवलं की शेत खारं झालंच, आणि दोन-चार वर्षं पडीक राहिलं की खारफुटी उगवते, ती तोडायला कायदा आडवा येतो. बंधाऱ्याला असली भांडणं नसतात, तिथे फार तर शेजारी शेजाऱ्याला पाणी जास्त घेतलं म्हणून शिव्या घालतो.

आमच्या मानशीला यंदा नवं दार बसलंय, छान झुलतं, पण पाणी अजून हवं तसं उतरत नाही. पोंय गाळानं भरलीय ना, ती उपसायला अजून कोणी टेंडर काढलेलं नाही.