एक आयपी पत्ता, अख्खं घर

नागपुरात महाल भागातल्या एखाद्या तीन मजली घरात आज फोन, लॅपटॉप, टीव्ही मिळून पंधरा-वीस उपकरणं सहज निघतात. इंटरनेट कंपनी मात्र अशा घराला सहसा एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची ओळख पटवणारा क्रमांक, देते. तरीही खाली आजोबांचं कीर्तन आणि वर नातीचा ऑनलाइन क्लास एकाच वेळी चालतो, आणि सरमिसळ होत नाही. हे कसं जमतं ते उघड्या डोळ्यांनी पाहायचं असेल, तर माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवा, त्यात दुसरं लॅन कार्ड (नेटवर्कची वायर जोडायचं कार्ड) बसवा आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. विकतचा राउटरही हेच करतो, पण त्याच्या पोटातलं सहसा दिसत नाही.

एका कार्डाला मोडेमची वायर, दुसऱ्याला घरातली उपकरणं जोडणारा नेटवर्क स्विच. एका कार्डावर आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, लिनक्स आपणहून दुसऱ्यावर पाठवत नाही. ‘आयपी फॉरवर्डिंग’ चालू करावं लागतं. मशीन मात्र पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना चोवीस तास चालणारं यंत्र तिथे टिकत नाही.

आता खरी गंमत. घरातल्या लॅपटॉपचा पत्ता समजा १९२.१६८.१.२३ आहे. १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजानुसार हे पत्ते खाजगी वापरासाठी राखीव आहेत; लाखो घरांत हाच पत्ता असेल, त्यामुळे बाहेरून त्यावर उत्तर येऊच शकत नाही. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरचे वेगवेगळे संवाद ओळखायचा क्रमांक. लॅपटॉपनं आपल्या ५१५१४ पोर्टवरून बँकेच्या ४४३ पोर्टला पॅकेट धाडलं की लिनक्स मशीन त्यावरचा पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितं आणि ‘कनट्रॅक’ नावाच्या तक्त्यात नोंद करतं. उत्तर आलं की नोंद शोधायची, मूळ पत्ता परत लावायचा, पॅकेट आत सोडायचं. त्याच वेळी दुसऱ्या लॅपटॉपनंही त्याच बँकेसाठी ५१५१४च निवडला, तर मशीन त्याचा पोर्ट बदलून नोंदवतं. सरमिसळ टळते ती इथे. या नोंदी चालू असताना वाचता येतात, आणि ते पाहण्यासारखं आहे: टीव्ही बंद दिसत असतानाही तो कुणाशी बोलतोय, हे कळतं.

फायरवॉल, म्हणजे नको ती पॅकेटं अडवणारी राखण, हीही याच तक्त्यावर उभी आहे. आतून सुरू झालेल्या संवादाचं उत्तर असेल तर आत, नाहीतर पॅकेट टाकून द्या. हा नियम स्वतंत्रपणे लिहावाच लागतो. नुसत्या पत्ताबदलाला कुलूप समजू नये, कारण खुद्द त्या मशीनचा २२ नंबरचा एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) पोर्ट बाहेरच्यांना उघडा राहू शकतो. २००१च्या २.४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) हे काम ‘आयपीटेबल्स’ करत आलं. २०१४पासून कर्नलमध्ये ‘एनएफटेबल्स’ही आहे. नव्यानं शिकणाऱ्यानं थेट तेच धरावं.

एवढा खटाटोप मुळात पत्त्यांच्या टंचाईमुळे. आयपीव्ही४चे, म्हणजे आतापर्यंत पाहिलेल्या जुन्या पद्धतीचे, पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले. म्हणून काही कंपन्या हाच पत्ताबदल आपल्याकडेही करतात. तुमच्या मशीनच्या बाहेरच्या कार्डावर १००.६४ ते १००.१२७ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजा तसंच आहे. मग घरी पोर्ट उघडूनही पुण्याहून घरचा कॅमेरा दिसणार नाही.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो, पत्ताबदल लागत नाही. पण आयपीटेबल्सचे नियम फक्त आयपीव्ही४ला लागू होतात. कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू असेल आणि त्याचे नियम लिहायचे राहिले, तर घरातली उपकरणं बाहेरून थेट गाठता येतात. एनएफटेबल्समध्ये ‘आयनेट’ प्रकारचं टेबल घ्या. एकच नियम दोन्हींना लागतो.